बँक सात, बटण बी

जुन्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनवाल्याच्या पायांना एकच काम असे: भाता हलवायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. स्वर हातांनी काढायचे, वारा पायांनी घालायचा. पाय चुकलेच तर सूर जरा दमल्यासारखा यायचा, पण यमनाचा भैरव होत नसे. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवळादेवळांत नाटकं होतात, त्यामुळे ते निवांत पाय मी लहानपणापासून पाहत आलोय. हल्ली मला त्यांचा हेवा वाटतो.

कारण मी गिटार वाजवतो आणि गिटारच्या ॲम्पला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, आता स्मरणशक्ती आली आहे. माझ्या पहिल्या ॲम्पला आवाज दोनच होते, एक शहाणा आणि एक चिडलेला. जमिनीवर एक बटण. दाबलं की चिडायचा, पुन्हा दाबलं की शांत. संसारी माणसाला एवढं पुरे होतं. नव्या ॲम्पमध्ये गेन, बेस, मिडल, ट्रेबल, रिव्हर्ब, डिले असं सगळं जुळवायचं, त्याला एक नंबर द्यायचा आणि साठवून ठेवायचं. हा प्रीसेट. असे प्रीसेट किती? १२८. आमच्या बँडची सगळी गाणी बारशापासून एकविसाव्या वाढदिवसापर्यंत मोजली, तरी निम्मे नंबर रिकामेच राहतात.

हा १२८चा आकडा मिडीतून आला. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ साली ही भाषा बाजारात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना त्याबद्दल २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमीही मिळाला. भाषा झाली ते उत्तमच, पण तिची मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रीसेट बदलण्याचे आकडे ० ते १२७. काही कंपन्यांनी विचार केला, की वाजवणारा शेवटी माणूस आहे, त्याला १ ते १२८ दाखवूया. काहींनी तो केला नाही. माझा फूट कंट्रोलर, म्हणजे पायाने प्रीसेट बदलायची बटणांची पेटी, पहिल्या विचाराचा, ॲम्प दुसऱ्या. भावगीताचा मवाळ आवाज मी ॲम्पवर बाराव्या नंबरला साठवलाय म्हणून पायाने बारा दाबावा, तर ॲम्पला तो अकरा ऐकू जातो आणि अकरा नंबरचा लीडचा चढा आवाज अंगात आल्यासारखा किंचाळतो. बारा हवा तर तेरा दाबायचा. यात चूक कोणाचीच नाही, आणि चीड येते ती त्याचीच. भांडायला माणूस नको?

दोघांना जोडणाऱ्या केबलच्या प्लगला पाच पिना असतात. निरोप पोचवायला त्यांतल्या तीनच लागतात. उरलेल्या दोन पिना सरकारी खात्यातल्या ज्येष्ठ मंडळींसारख्या नुसत्या जागेवर असतात. गोव्याच्या पावसाळ्यात या पाचांवरही समान गंज चढतो. चवथीच्या आधी मी त्या कापसाने पुसत बसतो. आई माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, फळं बांधता बांधता विचारते, "ते मशीन पण पुजायचं आहे का रे?" पुजावंच लागेल बहुतेक.

त्यात ॲम्पवरच्या खुंट्या चक्क खोटं बोलतात. बेसची खुंटी दिसते आठवर, पण प्रीसेटमध्ये साठवलाय तीन. वाटलं म्हणून खुंटीला नुसतं बोट लावलं, की आवाज तीनवरून थेट आठवर उडी मारतो. मंडपाची कनात थरथरते. पहिल्या रांगेतली वहिनी मांडीवरच्या मुलाचे कान झाकते. घाबरून प्रीसेट बदलावा तर केलेली दुरुस्ती पुसली जाते, कारण 'स्टोअर' दाबलेलं नसतं. ते दाबायला तिसरा हात लागतो.

खरी फसवणूक मात्र आपल्याच कानांची. प्रीसेट बनतात घरी, रात्री, बायको झोपल्यावर, अगदी हळू आवाजात. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं, की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, आणि काय मखमली आवाज लागलाय म्हणून खूश होऊन झोपतो. मंडपात तोच नंबर मोठ्याने लावला की बेस पोटात गुरगुरतो, ट्रेबल कानात टोचतो आणि मधला पट्टा, जिथे गिटार नावाची वस्तू राहते, तो ड्रम आणि कीबोर्डखाली गडप होतो. प्रीसेट कार्यक्रमाच्या आवाजातच बनवावेत, असा सल्ला सगळे जाणकार देतात. त्यासाठी शेजारी कुठून आणावेत, ते कोणी सांगत नाही.

आता पाय. माझ्या कंट्रोलरवर चार बटणांची एक बँक, म्हणजे १२८ आवाजांच्या बत्तीस बँका. आधी बँक वर-खाली करायची, मग आकडा लुकलुकत वाट बघतो, मग ए, बी, सी, डीपैकी एक दाबायचं. बटणांमधलं अंतर ठरवणाऱ्याने पाय कोणाचा धरला होता कोण जाणे, माझा नक्कीच नव्हे. मडगावकडच्या लग्नात सूट आणि टोकदार बूट. बुटाच्या आत बोटं कुठे आहेत याचा मेंदूला पत्ता नसतो, म्हणून सी दाबताना डीसुद्धा दाबला जातो. फोंड्याकडे नेमकं उलटं. इथे रंगमंचावर चप्पल घालून चढायची पद्धत नाही. अनवाणी पायाला प्रत्येक बटण नीट कळतं, अगदी नको तितकं कळतं. लोखंडी बटणाचं डोकं अंगठ्याच्या मऊ भागात रुततं. एखादा नाट्यगीतांचा कार्यक्रम संपेपर्यंत अंगठ्यावर गोल ठसा उमटतो. शिवाय अंगठा बँकेवर असताना करंगळी कुठे आहे याचा हिशेब कोणी ठेवायचा? कंट्रोलरच्या कडेला ट्यूनरचं, म्हणजे तारा सुरात लावून घ्यायचं, बटण आहे. ते लागलं की ॲम्पचा आवाज बंद होतो आणि एक हिरवा दिवा गुपचूप जळत राहतो.

परदेशात ही यंत्रं बनवणाऱ्यांना वन्स मोअर ठाऊक नसावा. त्यांच्या हिशेबात गाणं संपलं की संपलं, पुढची बँक. आमच्याकडे गाणं संपता संपता मी सराईतपणे पाय पुढे सरकवतो, आठवी बँक लुकलुकायला लागते, आणि मागून कोणीतरी "वन्स मोअर!" ओरडतो. गायिका आनंदाने मान डोलावून शेवटचा अंतरा उचलते. मी परत सातव्या बँकेत जायला निघतो, घाईत सहावीत पोचतो. सहाव्या बँकेत ख्रिसमसच्या नाचाची गाणी आहेत. पुढचं मी लिहीत नाही.

डिलेचं गणित वेगळंच. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. आवाजाचा प्रतिध्वनी त्या मापात बसवला की सुंदर लागतो. प्रीसेटमध्ये मी ५०० साठवून ठेवलेत. ॲम्प त्याला शेवटपर्यंत जागतो. ड्रमर जागत नाही. लग्नात जेवणाची वेळ जवळ येईल तसा त्याचा वेग वाढतो, आणि माझा प्रतिध्वनी वरातीत चुकलेल्या पाहुण्यासारखा मागून येत राहतो. उपाय म्हणून टॅप टेम्पोचं बटण आहे, पायाने ताल दाबायचा. म्हणजे एका पायाने ड्रमरचा पाठलाग, दुसऱ्याने बँकांचा शोध. आणि उभं कशावर राहायचं? ड्रमरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कितें जालें रे? तूं मात्सो फास्ट वाजय." म्हणजे मीच जरा फास्ट वाजवायचं.

गेल्या चवथीला देवळाच्या मंडपात कार्यक्रम होता. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम, म्हणून शेवटची गाणी घाईत चालली होती. तिसऱ्या पदाला बँक सात, बटण बी. नंबर बरोबर लागला, बोटं मोकळी चालली, मी डोळे मिटून अगदी रंगून वाजवलं. पद संपल्यावर खाली बघतो तर ट्यूनरचा हिरवा दिवा जळतोय.

कार्यक्रमानंतर एक आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले. त्यांची सगळी नाटकं तोंडपाठ. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाबा, बाकीचं काही मला कळलं नाही, पण ते तिसरं पद! गिटार कशी अगदी गाण्यात विरघळून गेली होती. तो नंबर लिहून ठेव आणि यापुढे सगळीकडे तोच लाव."