नेटला शिव्या देण्याआधी फोटो कधी काढले ते सांगा

ऑनलाइन फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर आज परत तोच मेसेज, एका मुलीचा. रात्री पावणेबारा. 'अपलोड ३५ टक्क्यांवर रेंगाळतंय, बाराला पोर्टल बंद होणार, काहीतरी सांगा.' लगेच ग्रुपवर सांत्वनाची रांग लागली. नेटच्या नावाने बोटं मोडून झाली, कोर्सवाल्यांचा उद्धार झाला. फोटो काढले कधी, हे मात्र कुणीही विचारलं नाही. मी विचारलं. उत्तर आलं, 'परवा संध्याकाळी.' ब्रीफ, म्हणजे काय काढायचं ते सांगणारा कागद, येऊन तीन आठवडे झाले होते!

आधी नेटचा हिशोब उरकतो, म्हणजे त्या बिचाऱ्याची सुटका होईल. २४ मेगापिक्सेलची एक १६ बिट टिफ फाईल (फोटोचा पूर्ण दर्जा राखणारी) कॉम्प्रेशनशिवाय सुमारे १४४ एमबीची होते. अशा दहा मागितल्या होत्या, म्हणजे १.४ जीबीच्या वर. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी असेल (जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा) तर मध्ये कुठेही न तुटता ४० मिनिटांच्या आसपास जातात. साडेअकराला बटण दाबलं तर बाराला पोचणं शक्यच नव्हतं. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन (दर्जा न घालवता फाईल आवळायची पद्धत) लावून बघा, असा सल्लाही एकाने दिला. १६ बिट फाईल त्याने बरेचदा उलट फुगते, पण सल्ला द्यायला काय जातं!

असं अडकलंच तर टिफ थांबवा. २०४८ पिक्सेलच्या दहा जेपेग आधी चढवा, दीडेक एमबीची एक धरली तर अर्ध्या मिनिटात जातात. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: टिफ मागाहून येत आहेत. वेळेत काहीतरी पोचलं ही नोंद तरी राहते. पण ही मलमपट्टी झाली.

दुखणं वेगळंच आहे. विषय होता मावळतीच्या सोनेरी उजेडातली पोर्ट्रेट्स. सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांच्या आत आला की हा उजेड मिळतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, ताशी १५ अंश, त्यामुळे २५ मिनिटांत कारभार आटोपतो. ध्रुवांकडे सरकाल तसा वेळ वाढत जातो. तीन आठवड्यांत २१ संध्याकाळी होत्या. मेसेजवाल्या मुलीने एक वापरली. २४० फ्रेम्स, आणि कॉन्टॅक्ट शीटवर (सगळ्या फ्रेम्स छोट्या आकारात एकत्र दाखवणारं पान) सरळ दिसतंय की शेवटच्या साठेक गेल्यातच जमा आहेत: उजेड पडत गेला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) २००वरच राहिला, शटर १/६० आणि मग १/३० सेकंदावर घसरलं, डोळे हलले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उभं राहिलं असतं तर दुरुस्त झालं असतं. दुसरा दिवस ठेवलाच नव्हता.

निबंध रात्रभर जागून लिहिता येतो. फोटो येत नाही. म्हणून फोटोग्राफी ऑनलाइन शिकताना मुदत उलटी मोजायची ती अपलोडपासून नव्हे, रीशूटपासून, म्हणजे पुन्हा फोटो काढायच्या दिवसापासून. पहिलं शूट ब्रीफ आल्यापासून तीन दिवसांत, कसंही असो, वाईट असो. दुसरं त्यावरचा अभिप्राय हातात आल्यावर. अर्धी मुदत संपेपर्यंत सगळं एकदा काढून झालेलं हवं. उरलेली अर्धी ढगांची आणि ऐन वेळी 'आज नको गं' म्हणणाऱ्या मॉडेल्सची.

हो, नोकरी असते, घर असतं, मान्य. पहिल्या दिवशी ब्रीफ नीट वाचायला मात्र वीस मिनिटं सापडतात. त्यात आपल्या हातात नसलेल्या गोष्टी तेवढ्या अधोरेखित करा. रात्रीचं आकाश मागितलंय? त्याला चंद्र नसलेली रात्र हवी. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात, तीन आठवड्यांच्या मुदतीत ती येईलच असं नाही, आली तरी एकदाच. वाहत्या पाण्याचं लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो)? १० स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड सुमारे हजारपट कमी करणारी गडद काच) १/३० सेकंदाचं ३४ सेकंद करतो, पण तो मागवून हातात पडायला हवा. नाहीच आला तर ट्रायपॉडवरून एकेका सेकंदाच्या तीसेक फ्रेम्स घ्या आणि फोटोशॉपमध्ये स्टॅक करून (एकावर एक रचून) मीन, म्हणजे सरासरी काढा, पाणी तसंच मऊ होतं. भर उन्हात एक सेकंद मिळणार नाही, तेव्हा हेही सूर्य उतरल्यावरच.

मघाशी हिचे फोटो उघडून बघितले आणि राग जरा उतरला. चौथा फोटो फार सुरेख आहे. मागून आलेला उजेड केसांच्या कडेला धरलाय, चेहऱ्यावरचं एक्स्पोजर बरोबर जमलंय, हे शिकवून येत नाही. उशिरा म्हणून याचे गुण कापले जाणार, हेच खरं तर झोंबतंय. कोर्सवाल्यांचंही चुकतंच. ब्रीफमध्ये एकच तारीख टाकतात आणि मोकळे होतात. मध्यावर कच्ची कॉन्टॅक्ट शीट सक्तीने मागितली असती, तर निम्म्या लोकांचं आपोआप मार्गी लागलं असतं.

काहींना शेवटच्या रात्रीच सुचतं म्हणे. सुचत असेल. एडिटिंग तरी त्या रात्री करू नका. अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसच्या स्क्रीनवर उजळ वाटलेला फोटो सकाळी काळवंडलेला निघतो. शूट झालं त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवायचं, मगच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं. पहिल्या फेरीत फक्त बाद करायचं, फ्रेममागे तीन सेकंद, २४० फ्रेम्स १२ मिनिटांत हातावेगळ्या होतात. निवड दुसऱ्या दिवशी. एका उजेडातल्या एका फ्रेमवर नीट काम करून बाकीच्यांना त्याच सेटिंग्ज सिंक. एक्स्पोर्ट करताना जेपेग एसआरजीबीमध्येच (बहुतेक स्क्रीनना कळणारी रंगांची पद्धत), अडोबी आरजीबी ठेवलं तर काही स्क्रीनवर रंग विटलेले दिसतात. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (फोटोसोबत साठणारी माहिती) 'कॉपीराइट ओन्ली'वर राहिला तर लेन्स, शटर सगळं पुसलं जातं आणि सर तेच परत मागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलमध्येही ते उरत नाही.

आणि कोर्स दुसऱ्या देशातला असेल तर मुदत त्यांच्या घड्याळाने असते, तेही काही देशांत वर्षातून दोनदा तासाने सरकतं. तारीख कॅलेंडरमध्ये त्यांच्याच टाइम झोनसकट टाका, बाकीचं फोन सांभाळतो. त्याच बैठकीत कॅमेऱ्याचं घड्याळही लावून घ्या. हिच्या फोटोंवर मागच्या वर्षीची तारीख आहे, त्याचा खुलासा आता वेगळा लिहावा लागेल.