हिवाळी मेन्यूचा यथाविधी आस्वाद

बडोद्यात राहून हिवाळ्याचा खरा उपभोग घेण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत चुकूनही सकाळी खंडेराव मार्केटकडे फिरकू नये. १९०६ साली उभारलेल्या त्या देखण्या वास्तूच्या आसपास सुरती पापडीच्या शेंगांचे ढीग, मातीने माखलेले जांभळे कंद, कोवळी हिरवी लसूण आणि तुरीच्या शेंगा अशा काही बेशिस्तपणे पसरलेल्या असतात की त्या एकदा पाहिल्यावर माणूस रेस्टॉरंटात जाऊन ‘विंटर स्पेशल’ खाण्याच्या लायकीचा उरत नाही. मी ही चूक केली आणि त्याच रात्री टेबलही राखून ठेवले, त्यामुळे पुढील सल्ला स्वानुभवातून देत आहे.

प्रथम, अंगावर शाल घ्यावी. ती बाहेरच्या थंडीसाठी नव्हे, कारण बडोद्याची थंडी स्वेटर कपाटातून काढून डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंतच टिकते. शाल आतल्या वातानुकूलनासाठी लागते, कारण ज्या रात्री पंखाही नको असतो, त्या रात्रीही ते १८ अंशांवर चालू ठेवण्याचा रिवाज आहे.

सोबत जाणकार मनुष्य मुळीच नेऊ नये. जिचे लग्नापर्यंतचे सारे आयुष्य दांडिया बाजारात गेले आणि जी हिवाळ्यात पुण्याहून मुद्दाम उंधियू या गुजराती मिश्र भाजीसाठी येते, अशा आत्याला तर अजिबात नेऊ नये. मी नेले.

आता मुख्य पदार्थाकडे वळू. ‘मटका उंधियू’ मागवावे आणि ते येताच आधी छायाचित्र काढावे, कारण पदार्थाचा सर्वोत्तम क्षण तोच असतो. मूळ उंधियू मातीच्या मडक्यात भाज्या भरून, ते मडके जमिनीत उलटे पुरून, वरून विस्तव पेटवून शिजवीत. गुजरातीत ‘ऊंधुं’ म्हणजे उलटे, म्हणून ते नाव. घरोघरी ते आता पातेल्यात शिजते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. आमच्या टेबलावर मात्र तोंडाला लाल फडके बांधलेले खरोखरीचे मडके आले, वाढप्याने ते फडके समारंभपूर्वक सोडले, आणि मडक्याच्या आत एक स्टीलची वाटी निघाली. त्या वाटीत बटाटे होते, वाटाणे होते, फरसबी होती, आणि सर्वांवर पनीरचे चौकोनी तुकडे शांतपणे तरंगत होते. पापडी नव्हती. कोनफळ नव्हते. (गुजरातीतले रताळू म्हणजे आपले कोनफळ, आणि आपली रताळी म्हणजे त्यांची शक्करियां, या घोटाळ्यात बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरी एकदा तरी चुकीची पिशवी आलेली आहे. त्या रात्रीच्या वाटीत दोन्ही नसल्यामुळे घोटाळ्याचा प्रश्नच उद्भवला नाही.) मेथीचे मुठिये (मेथी घातलेल्या पिठाचे तळलेले गोळे) म्हणून जे होते ते दाताखाली येताच फुटण्याऐवजी दाताला चिकटले. आत्याने चमच्याने पनीर बाजूला सारून तळापर्यंत शोध घेतला आणि वाढप्याला अत्यंत नम्रपणे विचारले, “भाई, आमां पापडी क्यां छे?” त्यावर तो म्हणाला, “मॅडम, पापडी का अभी सीझन नहीं है।” त्याच दिवशी सकाळी मी जिच्या ढिगाऱ्याला वळसा घालून रस्ता ओलांडला होता, त्या पापडीचा हंगाम नाही! मग फलकावर जो हिवाळा लिहिला आहे तो कोणत्या देशातला? व्यवस्थापकाने येऊन अधिक प्रामाणिक खुलासा केला की मेन्यू सगळ्या शहरांत एकच असतो, तो वरून ठरून येतो, मसाल्याची ग्रेव्हीही पाकिटातून येते, आणि स्थानिक भाजी घेतली तर चवीत ‘फरक’ पडतो. फरक पडावा म्हणूनच तर आम्ही तिथे गेलो होतो, महाशय. पापडीच्या शिरा काढायला माणसे लावावी लागतात, म्हणून फरसबी. कंद सोलताना हात खाजतात, म्हणून बटाटा. हिरवी लसूण दोन दिवसांत मान टाकते, म्हणून पाकीट. आणि या सगळ्या कामचुकारपणावर एक मडके उपडे घालून त्याचे ५४० रुपये!

सरसों का साग मागवल्यास ते पालकाचे आहे हे बोलून दाखवू नये.

‘पोंक चाट’ जरूर घ्यावी. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा. कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजून, झोडून दाणे काढतात आणि ते त्याच दिवशी लिंबू-मरीच्या शेवेबरोबर संपवावे लागतात. चाटमध्ये मक्याचे दाणे होते. रंग पिवळा असल्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही.

गाजराचा हलवा आइस्क्रीमच्या खाली दडवून देतात. त्याला शोधू नये.

शेवटी बिल येते. आमचे मूळ बिल २४०० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे २४० रुपये, आणि त्या सेवा शुल्कासकट सगळ्यावर ५ टक्के जीएसटी १३२ रुपये, असे एकूण २७७२ रुपये झाले. सेवा शुल्क बिलात परस्पर लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, ही माहिती आपल्याला असली तरी ती मनात ठेवावी. मी ती बोलून दाखवली तेव्हा उत्तर मिळाले की ते शुल्क ‘सिस्टीममधून निघत नाही’. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ घड्याळाकडे पाहू लागले, मुलगी माझी बाही ओढू लागली, आणि मी २७७२ रुपये भरले.

घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आत्याने पदर खोचून मुगाच्या खिचडीला फोडणी घातली, कारण ती उपाशी होती. मीही उपाशीच होतो.

आता उपरोध पुरे. लाज वाटायला हवी, आणि ती त्या हॉटेलवाल्याच्या आधी आपल्याला. तो तुम्हाला फरसबी देतो, कारण तुम्ही ती खाता, वर त्या मडक्याचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवता. भोगीच्या दिवशी हरभरा, पावटा, गाजर, वांगी, बोरे एकत्र शिजवून बाजरीच्या भाकरीबरोबर खाणाऱ्यांची आपण पोरे. ज्या भाजीत पावटा घातला नाही तर आजी ताट मागे सारायची, त्याच घरातले आपण पनीर घातलेल्या उंधियूला ‘वेगळा प्रयोग’ म्हणतो. पापडी नसेल तर उंधियू मागे पाठवा. सेवा शुल्क काढल्याशिवाय पैसे देऊ नका आणि मागच्या माणसाला थांबू द्या, मी थांबवायला हवे होते. उत्तरायणाला फरसाणवाल्यासमोर तासभर रांगेत उभे राहता तेव्हा शिळी जिलबी मिळाली तर दुकान डोक्यावर घेता ना? मग वातानुकूलनात बसल्यावरच तुमची जीभ का लुळी पडते?

आत्या परवा परत जाणार आहे. उद्या सकाळी सातला मार्केट, दोन किलो पापडी, आणि शिरा काढायला घरातल्या प्रत्येकाने बसायचे आहे. ज्याला मोबाइल हातातून सोडवत नाही त्याला उंधियू मिळणार नाही.