ऋषीचे कूळ विचारावे की नाही?

गेल्या महिन्यात नात्यातील एका मुलाची मुंज झाली. मातृभोजन झाले, अंतरपाट दूर झाला, उपरण्याखाली बापाने लेकाच्या कानात गायत्री सांगितली, आणि मग गुरुजी त्याला न्यास, म्हणजे मंत्रापूर्वी नावे घेत अंगाला करायचे स्पर्श, शिकवू लागले. मंत्राच्या ऋषीचे, म्हणजे गायत्रीच्या बाबतीत विश्वामित्रांचे, नाव घेताना उजव्या हाताने मस्तकाला स्पर्श करायचा, म्हणून त्या आठ वर्षांच्या मुलाने ‘विश्वामित्र’ म्हणत आपल्या नुकत्याच भादरलेल्या डोक्याला हात लावला. पुढे पंगतीत त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या बहिणीने सहज विचारले, “हे मेनकेवाले विश्वामित्रच ना? मग त्यांचे नाव डोक्यावर कशाला?” त्यावर एका काकांनी नेहमीचे उत्तर दिले, “ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये.”

ही म्हण मला लहानपणापासून खटकत आली आहे, कारण आपल्या ग्रंथांनी स्वतः ती कधीच पाळलेली नाही.

वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांची सगळी कथा येते, आणि ती कोण, कुठे सांगतो हे पाहण्यासारखे आहे. राम-लक्ष्मणांना घेऊन विश्वामित्र मिथिलेला पोहोचतात, तेव्हा जनकाचे पुरोहित शतानंद ती रामाला सांगतात, आणि विश्वामित्र तिथेच बसलेले असतात. शतानंद हे गौतम आणि अहल्या यांचे पुत्र. ‘माझ्या आईची आणि रामाची भेट झाली का?’ ही चौकशी ते आधी करतात, आणि मग, ज्यांनी रामाला तिच्यापर्यंत नेले त्याच ऋषींचा पूर्वेतिहास त्यांच्यादेखत उलगडतात. वसिष्ठांची गाय बळाने ओढून नेण्याचा प्रयत्न, अस्त्रांनी जाळलेला आश्रम, वसिष्ठांच्या पुत्रांना दिलेला शाप, यज्ञात बळी द्यायला नेल्या जाणाऱ्या शुनःशेप या मुलाच्या जागी बळी जाण्यास नकार दिला म्हणून स्वतःच्याच मुलांना दिलेला शाप, यांतले काहीही गाळलेले नाही. एखाद्याच्या सत्कारात त्याच्या समोर त्याचा असा परिचय करून देण्याचे धाडस आज कोणी करील असे मला वाटत नाही.

मेनकेचा प्रसंग आपण बहुतेक जण सिनेमातल्या नृत्यापुरताच लक्षात ठेवतो. रामायणात मात्र खरी नजर मेनकेच्या सहवासातल्या दहा वर्षांनंतरच्या क्षणावर आहे. दहा वर्षे एका दिवसरात्रीसारखी निघून गेली हे विश्वामित्रांच्या ध्यानात येते, समोर मेनका शापाच्या भीतीने थरथरत हात जोडून उभी असते, आणि शाप देण्यात एरवी अजिबात न कचरणारा हा माणूस तिला गोड शब्दांत निरोप देतो. पुढे उत्तरेला जाऊन पुन्हा तप केल्यावर ब्रह्मदेव त्यांना महर्षी म्हणतात, तेव्हा ते विचारतात की मी आता जितेंद्रिय झालो का, आणि उत्तर मिळते, ‘अजून नाही, प्रयत्न कर.’ ते खरेही ठरते, कारण मग रंभा येते, काम जिंकलेला हा तपस्वी क्रोधाला बळी पडतो, तिला शिळा होण्याचा शाप देतो आणि लगेच पस्तावतो, कारण तप पुन्हा खर्ची पडलेले असते. त्यानंतरचे मोठे तप संपवून ते जेवायला बसणार, तोच इंद्र ब्राह्मणाच्या रूपात येऊन ते अन्न मागतो. विश्वामित्र सगळे अन्न देऊन टाकतात आणि चकार शब्द काढत नाहीत. मला या कथेत आदर वाटतो तो नेमका इथे, त्या रिकाम्या पानापाशी.

तरीही एक गोष्ट मला धुऊन निघालेली दिसत नाही, आणि ती म्हणजे त्यांची व मेनकेची मुलगी शकुंतला. महाभारताच्या आदिपर्वात मेनका ते मूल मालिनी नदीच्या काठी टाकून जाते, पक्षी त्याची राखण करतात आणि कण्व त्याला वाढवतात. बाप कुठेच नाही. रविवर्म्याच्या चित्रात मेनका बाळ पुढे करते आहे आणि ऋषी हात आडवा धरून तोंड फिरवून उभे आहेत. जबाबदारी झटकणाऱ्याने ‘विश्वामित्री पवित्रा घेतला’ असे आपण मराठीत आजही म्हणतो. म्हणजे ज्या घरात संध्या करताना या नावाने मस्तकाला स्पर्श होतो, त्याच घरात त्याच नावाने टोमणाही मारला जातो, आणि मला यात विसंगती न दिसता उलट प्रामाणिक स्मरणशक्ती दिसते.

‘ऋषीसुद्धा चुकले होते, मग आमच्या महाराजांकडे बोट का दाखवता?’ हा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो. आपस्तंब धर्मसूत्राने त्याची वाट केव्हाच बंद केली आहे: पूर्वजांकडून धर्माचे उल्लंघन घडलेले दिसते, पण ते पाहून तसे वागू लागणारा पुढच्या काळातला माणूस नाश पावतो. त्याच सूत्रात, विशेष तेजामुळे त्या पूर्वजांना दोष लागला नाही, असेही म्हटले आहे. ते मला पटत नाही, कारण रामायणातील विश्वामित्र प्रत्येक चुकीची किंमत स्वतःच्या तपातून मोजतात आणि त्यांच्यासाठी सबबी सांगणारा शिष्यवर्ग त्यांच्याभोवती नसतो.

मुंजीत मिळालेल्या मंत्राचे शिक्षण सोडमुंजीपाशी पुरे होते. गुरूने निरोपाच्या वेळी करावयाचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे, आणि त्यात ‘यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’ असे गुरू स्वतःबद्दल सांगतो: आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू घे, बाकीची नकोत. ‘बाकीची’ आहेत हे त्याने आधीच मान्य केले आहे. त्या पंगतीत काकांनी म्हणीऐवजी हे वाक्य सांगितले असते, तर पोरीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते.

मिथिलेत शतानंदांचे सांगणे संपते तेव्हा विश्वामित्र रागावत नाहीत, खुलासाही करत नाहीत. जनक म्हणतो, ‘ऐकून तृप्ती होत नाही, पण सूर्य कलला आहे, कर्माची वेळ झाली.’ मग सगळे उठतात आणि विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन आपल्या उताऱ्याकडे जातात.