हॉट अँड कोल्ड एसीत हीटर दडलेला नसतो

सोलापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "हॉट अँड कोल्ड एसी घेऊ नका, आत हीटरची कॉइल असते, बिल दुप्पट येतं. स्टार ही नुसती जाहिरात. मोठ्या टनाचा घ्या, 18 वर लावा, खोली लवकर गार होऊन वीज वाचते." तो वाचून माझ्या मावशीने लेकीच्या बाळंतपणासाठी ठरवलेला एसी रद्द केला. आता बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची म्हणते, म्हणून हे तातडीने लिहितोय.

आधी कॉइलचं. उन्हाळ्यात एसीतला गॅस खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हिवाळ्यात एक व्हॉल्व्ह त्याची दिशा उलटवतो आणि बाहेरची उष्णता आत येते. हाच हीट पंप. डिसेंबरात हीटिंग चालू असताना बाहेरच्या युनिटसमोर हात धरून बघा, वारा गार लागतो; त्यातली ऊब घरात गेलेली असते. 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. तितकीच उष्णता आणायला चांगल्या हीट पंपाला पाऊण युनिटही लागत नाही. इथल्या थंडीत तर त्याला फारसे कष्टच नाहीत. मात्र काही मॉडेलांत खरोखरच हीटर असतो, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा. माहितीपत्रकात हीटिंगची क्षमता वॅटमध्ये असते. तिला हीटिंगला लागणाऱ्या वॅटने भागा. उत्तर 3 च्या वर आलं तर उत्तम.

आणि मावशी, बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बाळ-बाळंतीण झोपेतच दगावू शकतात.

स्टार जाहिरात नाहीत, ते वर्षभराच्या कूलिंगच्या हिशेबावर, म्हणजे 'आयसीर' (लेबलवर ISEER) या आकड्यावर मिळतात. हीटिंग त्यात मोजलेलंच नाही, म्हणून वरचा भागाकार वेगळा करायचा. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात. जुन्या स्टॉकमधला 5 स्टार आजच्या निकषात खाली घसरलेला असू शकतो, तेव्हा लेबलवरचं वर्ष आणि आकडा दोन्ही वाचा.

18 वर लावल्याने साध्या एसीचा कॉम्प्रेसर जास्त जोर लावत नाही, फक्त उशिरा थांबतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो तो, सुरुवातीला जोर लावतो खरा, पण 18 गाठायला मग रात्रभर राबतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 24-25 वर ठेवून पंखा लावा.

टनाचं उत्तर खोलीत आहे. खालच्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीला 1 टन बहुधा पुरतो. वर उन्हाने तापलेला स्लॅब असेल तर दीड लागेल, कारण मे महिन्यात तो रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. त्यापेक्षा मोठा घेतलात तर पैसे वाया. दीड टन घेण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून बघा, कदाचित 1 टनावरच भागेल.