तारकर्लीच्या राउटरबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

'आठवडाभर राउटर ठेवून घेतला, फायरवॉलचं एक सॉफ्टवेअर काढलं आणि बिल लावलं. खाऱ्या हवेने खराब झालाय हे कबूल करत नाहीत,' असा तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. उत्तर फोनवरही दिलं असतं, पण तारकर्ली-देवबागात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मोफत लिनक्स सिस्टीम) टाकलेले असे राउटर बऱ्याच होमस्टेंमध्ये आहेत, म्हणून इथेच लिहितो.

किनाऱ्यावर निम्म्या बिघाडांचं खापर खाऱ्या हवेवर फुटतं. तुमच्या पोर्टांवर हिरवट गंज होता, तो साफ केला. तो आजचा नाही आणि दोष त्याचा नव्हता.

वेळ का लागला ते सांगतो. दुकानात दोन मोबाईल जोडून राउटर दिवसभर ठणठणीत चालायचा. तुमच्याकडे तो पडायचा खोल्या फुल्ल असताना. म्हणून लॅपटॉपांवरून एका वेळी हजारो कनेक्शनं उघडून तशी गर्दी करावी लागली, तेव्हा कुठे तो कोसळला. अडॅप्टर बदलला, तरी तेच. बरं, या सिस्टीमचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये असतो (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) आणि कर्नल पॅनिक झालं, म्हणजे सिस्टीमचा गाभाच कोसळला, की राउटर ३ सेकंदांत आपोआप रीस्टार्ट होतो. पुरावा पुसलेला! तुम्हाला फक्त दिवे लुकलुकताना दिसतात आणि वाटतं, लाईट गेली असेल.

त्यामुळे डबा उघडून बोर्डावरच्या सीरियल पिनांना (राउटरचे संदेश थेट बाहेर देणाऱ्या) ३.३ व्होल्टची यूएसबी-सीरियल केबल जोडली आणि ११५२०० बॉडच्या वेगाने लॅपटॉपमध्ये सगळं नोंदवत ठेवलं. (घरी कोणी करणार असाल तर जुनी आरएस-२३२ केबल थेट लावू नका, बोर्ड जळेल.) मरता मरता कर्नल जे लिहून जातो, त्यात 'अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट' (मेमरीतल्या चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) आणि त्याखाली तुमच्या त्या फायरवॉल सॉफ्टवेअरचं, म्हणजे ॲप ओळखून ब्लॉक करणाऱ्या मॉड्यूलचं (कर्नलला जोडायच्या तुकड्याचं) नाव, दर वेळी तेच. मॉड्यूल दुसऱ्या कर्नल व्हर्जनसाठी बनवलेलं होतं. ओपनडब्ल्यूआरटी असं पॅकेज घेत नाही. तुमच्या राउटरवर ते आमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी 'फोर्स' करून बसवलेलं होतं. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. मॉड्यूल मात्र कर्नलच्या आतच चालतं, ते चुकलं की अख्खा राउटर जातो.

ते काढलं, त्याच गर्दीत राउटर चालला. पुन्हा टाकलं, पुन्हा पडला. मग कायमचं काढलं. बिल या शोधाचं आहे. काढायला एक कमांड लागते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. नवीन राउटर गळ्यात मारणं आम्हाला जास्त सोपं होतं, आणि त्यात तेच मॉड्यूल पुन्हा कोणी जबरदस्तीने बसवलं असतं, तर तोही पडला असता.

ॲपनुसार ब्लॉकिंग गेलं, ही तुमची तक्रार रास्त आहे. त्याऐवजी डीएनएसवरून (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) साईट ब्लॉक करून दिल्या आहेत. ते तितकं बारीक चालत नाही. मोबाईलवर कोणी व्हीपीएन लावला तर चुकवताही येतं. जुनंच हवं असेल तर आधी फर्मवेअर (राउटरमधली सिस्टीम) अपडेट करून, त्याच कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बनवून तपासावं लागेल. त्याचा खर्च वेगळा, तो आधी सांगू. मे महिन्याच्या गर्दीत हे काम काढू नका, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना आणा.

सीरियल केबलवरून घेतलेली पूर्ण नोंद बिलासोबतच्या पेनड्राईव्हमध्ये आहे. दुसऱ्या कोणत्याही जाणकाराला दाखवा.