तिसऱ्या सिलिंडरची फटफट

तीन आठवड्यांपूर्वी कात्रजच्या जुन्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढवताना पहिल्यांदा आवाज आला. फट फट फट. आधी वाटलं, सायलेन्सर कुठेतरी फुटला. खिडकी उघडून ऐकलं, तर आवाज मागून नव्हे, पुढून येत होता. बोगद्यापर्यंत तो गाडीच्या वेगाबरोबर वाढत गेला, सपाटीला लागल्यावर कमी झाला, पण गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तेव्हा जागेवरच ऐकू आला.

गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक, 1,42,000 किलोमीटर झालेली. बाबांनी घेतलेली शेवटची गाडी, त्यामुळे माझा तिच्यात जीव आहे. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, "इंजिन उघडावं लागेल. बेअरिंग, टायमिंग चेन, सगळं बघून सत्तरपर्यंत जाईल." सत्तर म्हणजे सत्तर हजार. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि रविवारी गाडी घेऊन सरळ कर्वेनगरला कट्ट्यावर गेलो.

आमचा कट्टा अमृततुल्यासमोरचा. तात्या सगळ्यांत मोठे, सत्तरीचे, खडकीच्या इंजिन कारखान्यात तीस वर्षं टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिनं चालवून तपासण्यात काढलेली. पम्याच्या तीन टुरिस्ट गाड्या आहेत, तिन्ही डिझेल. मेधा चाकणला गाड्यांच्या आवाजाचंच काम करते. आणि विन्या, ज्याला गाडीतलं फार कळत नाही, पण मत असतं.

मी सत्तर हजारांचा आकडा सांगितल्यावर सगळ्यात आधी विन्याच बोलला. "विकून टाक. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल गाड्या बनवायच्या बंद केल्या, तेव्हाच कळायला हवं होतं. सीएनजी घे."

"आवाज कसला आहे ते न कळताच विकायची?" तात्या म्हणाले. "आणि कुणाच्या गळ्यात मारणार? चालू कर रे गाडी."

मी चालू केली. पम्याने कान टवकारले आणि पहिल्या दहा सेकंदांत निकाल दिला, "चेन. ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. माझ्या एका गाडीचं असंच झालं होतं."

"चेन अशी वाजत नाही, पम्या. चेन खळखळते. आणि कधी? सकाळी चालू केल्या केल्या, टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत. दोन-तीन सेकंदांत कमी होते. ही बघ, दोन मिनिटं झाली, एकसारखी फटफट चालू आहे."

"टेन्शनर पूर्ण गेला असेल तर नाही थांबत, तात्या."

"मग खळखळ नाही थांबणार. ही खळखळ आहे का?"

इथे पम्या गप्प बसला, पण पटलं नव्हतं. त्याने मला क्लच दाबायला सांगितला. काही फरक नाही. म्हणजे क्लचचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सकडची बाजू सुटली. मग एसी चालू-बंद करून पाहिला. तिथेही तेच. डिपस्टिक काढून त्याने तेलाचा थेंब पांढऱ्या रुमालावर पसरला आणि उन्हात धरला. चमकणारा कण एकही नाही. "बेअरिंग खात असतं तर चकाकी दिसली असती," तो म्हणाला. तात्यांनी मान हलवली, "नेहमीच दिसते असं नाही. पण दिसली नाही हे चांगलंच."

मेधा तोवर फोन बॉनेटखाली धरून आवाज रेकॉर्ड करत होती. तिने तो चौपट हळू करून वाजवला आणि दहा सेकंदांतले ठोके बोटांवर मोजले. दोनदा. दोन्ही वेळा सतरा.

"खरे अडीच सेकंद," ती म्हणाली. "काटा 800 वर आहे. 800 फेरे मिनिटाला म्हणजे क्रँकचे सेकंदाला तेरा-सव्वातेरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल जळतं. म्हणजे सेकंदाला साडेसहा-पावणेसात, अडीच सेकंदांत सोळा-सतरा. हा आवाज एकाच सिलिंडरचा आहे. बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप, हे सगळं वेगळ्या गतीने फिरतं, ते यात बसत नाही."

मला हे इतकं आवडलं की मी तिला पुन्हा वाजवायला लावलं. तीन आठवडे ज्या आवाजाने माझी झोप उडवली होती, त्याला पहिल्यांदा काहीतरी माप मिळालं होतं.

पण पम्याने लगेच हरकत काढली, आणि ती बरोबर होती. "कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकत असेल तर? तेही जळतानाच जोरात ठोकतं. तिथेही सोळा-सतराच येणार."

"येणार," मेधा म्हणाली. "म्हणून अजून इंजिनच्या आत की बाहेर, हे ठरलेलं नाही."

आतला आवाज असेल तर गॅरेजवाला खरा, आणि सत्तर हजार तयार ठेवायचे. बाहेरचा असेल तर इंजिनला हातसुद्धा लावायची गरज नाही.

पम्याने गाडी बंद करायला लावली आणि इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर उचकटून काढलं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चार इंजेक्टर ओळीत. तीन नुसते धुळीने माखलेले. तिसऱ्याच्या बुडाशी मात्र काळा थर होता. लोखंडी कढईत काहीतरी करपून खरवड बसते ना, तसा. वरून डांबरासारखा तुकतुकीत, आणि नखाने टोकरला तर दगडासारखा कडक. मी नाक जवळ नेलं. जळक्या डिझेलचा वास. हाच वास ब्लोअर लावला की गाडीत यायचा, आणि मी पुढच्या ट्रकचा समजून काच लावून घ्यायचो.

"वॉशर! इंजेक्टरखालचा वॉशर गळतोय!" पम्या ओरडला. दहा मिनिटांपूर्वीची चेन तो विसरलाही होता.

"तेल भरताना सांडलेलं असेल," तात्या म्हणाले. "त्यावर धूळ बसून असाच थर होतो. शिवाय शेजारी एक्झॉस्ट आहे. मॅनिफोल्डचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं गॅस्केट गेलं तरी अशीच फटफट येते. सिद्ध कर." आणि त्यांनी पाना मागितला. "एकेका सिलिंडरचा पाइप सैल करू. डिझेल बंद झालं की ज्याच्यावर आवाज बदलेल तो आपला."

पम्या एवढा आडवा आलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने तात्यांचा हात धरला. "तात्या, नाही. हे तुमच्या काळचं इंजिन नाही. कॉमन रेल आहे, चारही इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं. नुसतं उभं असताना रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात, दामटलं की दीड हजाराच्या पुढे. चालू इंजिनचा नट सैल केलात तर फवारा कातडी फोडून आत जाईल. बोट कापायची वेळ येते."

तात्या थोडे दुखावले. तीस वर्षं त्यांनी असेच सिलिंडर तोडून आवाज शोधले होते आणि जुन्या पंपाच्या इंजिनांवर ती रीत चालतही होती. पण ते हट्टाला पेटले नाहीत. "मग तुमच्या इंजिनात सिलिंडर तोडायचा कसा?"

"वायरचं कनेक्टर काढायचं. तेही इंजिन बंद करून. काढायचं, मग चालू करायचं."

मग तात्यांनी जी गोष्ट सांगितली, ती गॅरेजवाल्याने मला सांगायला हवी होती. "ऐक. इंजेक्टरच स्वतः ठोकत असेल, तर त्याची वायर काढल्यावर आवाज जाईल. बेअरिंग असेल तरी बहुतेक जाईल, कारण जळण्याचा दणकाच नाही. पण वॉशरमधून हवा सुटत असेल तर आवाज पूर्ण जाणार नाही. डिझेल नसलं तरी पिस्टन हवा दाबतोच. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा 16-17 पट दाबून तापवूनच तिच्यात डिझेलने पेट घ्यायचा असतो. नुसत्या दाबालाच तीसेक बार होतात. तुझ्या टायरमध्ये दोनेक असतील. ती हवा फटीतून फटफटणारच. जरा हळू, पण त्याच तालात."

पहिल्याचं कनेक्टर काढलं. गाडी थरथरली, चेक इंजिनचा दिवा लागला, फटफट तशीच. दुसरा, तेच. तिसरा. गाडी थरथरली, आवाज नरम झाला, आणि तरीही होता. फट, फट, फट. त्याच तालात. चौथ्याला पुन्हा जोरात. कुणी काही बोललं नाही. विन्यासुद्धा वाकून ऐकत होता.

"आत नाही," तात्या म्हणाले.

एक्झॉस्टची शंका मात्र उरलीच होती, कारण तिथून गॅस सुटत असता तरी तिसरा तोडल्यावर असंच नरम झालं असतं. त्यासाठी इंजिन थंड व्हायला हवं होतं. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. अमृततुल्यवाल्याकडून वाटीत साबणाचं पाणी आणलं. पम्याने ते चारही इंजेक्टरच्या बुडाशी ओतलं आणि मी चालू केली. तिसऱ्याच्या कडेने फेस फसफसून वर आला, वडा तेलात सोडल्यावर येतो तसा. बाकी तिन्हीकडे पाणी स्थिर. मॅनिफोल्डच्या जोडावरही काही नाही.

सत्तर हजारांचा प्रश्न एका तांब्याच्या वॉशरवर आला. इंजेक्टर सिलिंडर हेडमध्ये जिथे टेकतो तिथे हा बसतो, रुपयाच्या नाण्याहून लहान. डिझेल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब 100 बारच्या वर जातो, आणि तो सगळा या चकतीने अडवायचा असतो.

इथून पुढचं भांडण दुरुस्तीवरचं. तात्या म्हणाले, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लँपचा बोल्ट आवळ, बसेल. पम्या म्हणाला, एकदा गॅस सुटायला लागला की तांबं आणि खालची बैठक दोन्ही खरवडून जातात, आवळून बंद होत नाही, उलट बोल्ट तुटला तर खरंच हेड उतरवावं लागेल. मला पम्याचं पटलं.

पम्याच्या ओळखीचा पंप-नोझलवाला शंकरशेठ रस्त्याला आहे. सोमवारी तिथे गेलो आणि काम चाललं ते दोन्ही दिवस त्याच्याशेजारी उभा राहिलो. त्याने घाई अजिबात केली नाही, म्हणूनच काम नीट झालं. इंजिन कोमट असताना काळ्या थरावर गंज सोडवायचं तेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी थर ब्रशने आणि लाकडी काडीने थोडा थोडा टोकरला, भुकटी आत जाऊ नये म्हणून सारखी ओढून घेत. मग पुलर लावून इंजेक्टर वर खेचला. तिसऱ्याला पाऊण तास लागला, बाकी तिघांना मिळून अर्धा. निघाल्या निघाल्या भोकात चिंधी कोंबली. आणि प्रत्येक इंजेक्टरवर मार्करने आकडा टाकला, कारण प्रत्येकाचा कोड गाडीच्या संगणकात त्या त्या सिलिंडरच्या नावावर असतो. अदलाबदल झाली तर गाडी नीट चालत नाही.

मग तो टॉर्च मारून भोकात बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं काय शोधताय. म्हणाला, "साहेब, जुना वॉशर वर आला का ते बघतो. कधी कधी तो खालीच चिकटून राहतो. त्याच्यावर नवा बसवला की इंजेक्टर उंच राहतो आणि आठवड्यात परत गळती. मग लोक म्हणतात वॉशर टाकून काही होत नाही." आमचा तिसरा खालीच राहिला होता. हुक घालून त्याने तो हळूच काढला.

बैठकीवर हाताने कटर फिरवून ती चकचकीत केली, नाममात्र, एक पातळ साल निघेल इतकीच. इंजेक्टर मशीनवर लावून फवारा आणि परतीचं डिझेल तपासलं. चारही चांगले निघाले. चार नवे वॉशर, तिसऱ्याच्या क्लँपला नवा बोल्ट, आणि आवळताना टॉर्क पाना. स्कॅनर लावून दिव्याचा कोड पुसला. सगळे मिळून सव्वापाच हजार झाले, आणि त्यातला मोठा वाटा मजुरीचा.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा कट्ट्यासमोर. तात्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक एकेका इंजेक्टरच्या बुडाशी टेकवलं, आणि चौथ्यानंतर परत तिसऱ्यावर आले. मेधाने त्याच जागी फोन धरून पुन्हा रेकॉर्ड केलं. हळू करून वाजवलं तर चारही ठोके सारखे, डिझेलची नेहमीची कटकट, फटफट कुठेच नाही.

"तरी मी म्हणतो, बोल्ट आवळून चाललं असतं," तात्या म्हणाले.

मी खिशातून कागदाची पुडी काढली. जुना वॉशर मागून घेतला होता. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ धरला. एका कडेला केसाएवढी काळी खाच, आतल्या भोकापासून बाहेरपर्यंत आरपार गेलेली. त्यांनी तीवरून नख फिरवलं, नख अडकलं. पुन्हा फिरवलं. मग वॉशर पम्याच्या हातात दिला.