फ्रीजमधला जर्दाळू विदर्भाच्या अंगणात फळ का देणार नाही

सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. किराणा दुकानातून बीवाले जर्दाळू आणा, बी ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, कोंब आला की अंगणात लावा. ही सायबेरियाकडची कणखर जात आहे, विदर्भातही तिसऱ्या वर्षी टोपलीभर फळ देते, आणि बीतला गर मुलांना रोज चारा. संत्रा पिकवणारी जाणती माणसंसुद्धा तो पुढे पाठवताहेत, धुऱ्यावर रांग लावायच्या गोष्टी करताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फ्रीजची गोष्ट खरी आहे. जर्दाळूच्या बीला ओल आणि चार-पाच अंशांची थंडी काही आठवडे मिळाली की ती रुजते. उन्हात वाळवलेल्या फळातली बीही बऱ्याचदा जिवंत असते. पण फ्रीजने भागते ती बीची गरज. झाडाला थंडी लागते दरवर्षी, आणि तिथे फ्रीज कामाचा नाही.

जर्दाळूची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर धरते, पानगळीनंतर सुप्त होते आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय जागी होत नाही. ही थंडी ढोबळमानाने ७ अंशांखालच्या तासांत मोजतात. जर्दाळूच्या बहुतेक जातींना असे कित्येक शे तास लागतात. ते मिळाले नाहीत तर कळ्या गळून जातात आणि पालवी एका फांदीवर फुटते, दुसरीवर नाही. यावर ‘नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता की’ असं कुणीतरी म्हणतंच. गेला होता, २९ डिसेंबर २०१८ ला. पण ती एका रात्रीची नोंद. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी चांगलं ऊन तापतं, आणि रात्री जमलेली थोडीफार थंडी त्या उबेने बरीचशी वाया जाते. बुंध्याशी बर्फ टाकायचा सल्लाही कुणी देतं. थंडी प्रत्येक कळीला स्वतःला लागावी लागते. मुळाशी ओतलेला बर्फ फांदीच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही.

संत्र्याला ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, आपण आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) धरतो, तसं इथेही पाणी तोडून जमेल, हा युक्तिवाद मला अनेकांकडून ऐकू आला. संत्रा सदाहरित आहे, त्याची फुलायची रीतच निराळी. जर्दाळू पानगळीचं झाड आहे, आणि नुसत्या ताणाने त्याची थंडीची गरज भागत नाही.

आता ‘कणखर जात’. सायबेरिया आणि मांचुरियातले जर्दाळू उणे ३० अंशांतही तग धरतात, हे खरं. पण दुकानातली बी त्यांचीच, असं धरून चालता येत नाही. आणि उणे ३० सोसणारं झाड आपला मे महिना सोसेल, हे कशावरून? जर्दाळू पिकवणाऱ्या लडाखमध्ये, लेहला, वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळाभर पाणी धरून राहतं, आणि साचलेल्या पाण्यात जर्दाळूची मुळं कुजतात.

‘बीपासून तेच फळ’ हे आपल्याला पटतं, कारण संत्र्याच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडासारखेच निघतात. जर्दाळूत तसं नाही. प्रत्येक बीचं झाड वेगळं, फळ गोड निघेल की आंबट, आधी सांगता येत नाही. लडाखमध्येही चांगल्या जातीचं झाड हवं असेल तर कलमच करतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजना घाटाला जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरून कलमं करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. ‘सफरचंद आलं तर जर्दाळू का नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की हिमाचलच्या हरिमन शर्मांचं एचआरएमएन-९९ हे कमी थंडीत फळणारं, निवडून काढलेलं सफरचंद आहे आणि त्याची कलमं लावली जातात.

इथवर नुकसान झालं तर जागेचं आणि काही वर्षांचं. गराचा मुद्दा मात्र जिवाशी आहे. जर्दाळूच्या गरात, विशेषतः कडू गरात, ॲमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. गर चावला की त्यातून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान कच्चे गर एका वेळी खाल्ले तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि अगदी लहान मुलाला एक छोटा गरही जास्त होऊ शकतो. ‘बी-१७ जीवनसत्त्व’ म्हणून कॅन्सरवर तो देतात, पण ते जीवनसत्त्व नाही आणि त्याने कॅन्सर बरा होत असल्याचा पुरावा नाही.

कुतूहल म्हणून कुंडीत एखादं रोप जरूर वाढवा. फोडलेल्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. कुणी गर खाल्ला आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी किंवा धाप सुरू झाली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. आणि हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर पाठवणाऱ्याला फोन करून निदान गराचं वाक्य तरी काढायला सांगा.